बेळगावात बसून समुद्राची जनरेटिव्ह कला करता येईल का?

तुमचा प्रश्न वाचला. खानापूरकडचं गाव, बेळगावात कमर्शियल आर्टचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्टला घेतलाय समुद्र आणि आपला सांस्कृतिक वारसा, तोही जनरेटिव्ह डिजिटल पद्धतीनं, म्हणजे नियम देऊन संगणकाकडून चित्र काढून घेत. एआयला सांगून चित्रं काढून बघितलीत, तर सगळी एका साच्यातली आली. सर म्हणतात, 'आपल्याकडं कुठला आलाय समुद्र, विषय बदल.' कोडिंग शिकावं का, सुरुवात कुठून करावी आणि हे काम आपल्या माणसांना आपलं वाटेल का, असं तुम्ही विचारलंय.

विषय बदलू नका. मात्र किनाऱ्यावर जायचं, फोटो काढायचे आणि त्यावरून लाटा काढायच्या, हा रस्ता सोडा. मालवणच्या आणि कारवारच्या मुलांना समुद्र रोज दिसतो, ते तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला काढतील. घाटमाथ्यावरच्या माणसाचं समुद्राशी नातं वेगळं आहे. ते कामात उतरलं तर प्रोजेक्ट तुमचा होईल, नाहीतर कुठल्याही शहरातल्या कुणीही केला असता असा दिसेल.

हे नातं आधी पाण्याचं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, समुद्रसपाटीपासून सुमारे 790 मीटरवर. ती पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या धरणात थांबते, पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला उतरते, गोव्यात गेल्यावर मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या डोंगरसोंडेवर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतात. आणि तो पाऊस आलेला असतो अरबी समुद्रावरूनच. कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो, बेळगाव शहरात साधारण 1300, आणि अथणीकडं जाईपर्यंत सहाशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. एका जिल्ह्याच्या रुंदीत समुद्र असा विरत जातो. 'आपल्याकडं समुद्र कुठला' या प्रश्नाला सरांपुढं ठेवायचं पहिलं उत्तर हेच, आणि ते तोंडी देण्यापेक्षा काढून दाखवता येतं.

ते असं. जमिनीच्या उंचीचा डेटा मोफत मिळतो. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचा आहे, नासाचा एसआरटीएम नावाचा आहे, साधारण 30 मीटरच्या चौकटींचा. प्रत्येक चौकटीला आठ शेजारी. थेंब टाकायचा, आठांपैकी ज्या बाजूला उतार सर्वांत जास्त तिकडं सरकवायचा, मागं रेघ सोडायची. एवढाच नियम. खानापूर तालुक्यावर असे काही हजार थेंब सोडले की नदीचं नाव कुठंही न लिहिता नद्या उमटायला लागतात. पश्चिमेच्या रेघा तुटक, उभ्या, झपाट्यानं खाली जाणाऱ्या. पूर्वेच्या लांब, आळसावलेल्या, वळणं घेत चौकटीच्या उजव्या कडेनं बाहेर पडणाऱ्या. थेंबाचा वेग उतारावर अवलंबून ठेवलात तर हा फरक डोळ्याला आपोआप कळतो. दोन अडचणी मात्र नक्की येतील. डेटात खोटे खड्डे असतात, थेंब तिथं अडकून बसतात. ते खड्डे आधी भरून घ्यावे लागतात आणि भूगोलाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते. दुसरी अडचण धरणाची, चौकट सौंदत्तीपर्यंत वाढवलीत तर. नविलतीर्थच्या जलाशयाचा पृष्ठभाग डेटात सपाट असतो, त्यामुळं थेंबाला उतारच सापडत नाही. काही जण तिथं कृत्रिम उतार देऊन थेंब पुढं ढकलतात. मी तसं करू नका म्हणेन. थेंब थांबू द्या, साचू द्या, गडद होऊ द्या. तिथं पाणी खरोखरच थांबतं.

नात्याचा दुसरा धागा इतिहासाचा. गोव्याच्या कदंब राजांनी समुद्र आणि घाटमाथा एका हातात धरला होता. खाली त्यांचं गोपकपट्टण, म्हणजे झुआरीकाठचं बंदर. वर त्यांची दुसरी राजधानी हलशी, तुमच्याच तालुक्यातली. गोव्यात कदंबकाळातले वीरगळ आहेत आणि त्यांत नौकांवरची लढाई कोरलेली आहे. हलशीला भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, त्यांतल्या एकात भूवराह: समुद्रात बुडालेली पृथ्वी वर काढणारा विष्णू. बंदरावर राज्य करणाऱ्यांच्या वरच्या राजधानीत, घाटावर, समुद्रातून पृथ्वी वर येतेय. तुमच्या गावापासून हलशी कितीशी लांब असणार? अजून बघितलं नसेल तर आधी तिथं जाऊन या, लॅपटॉप न घेता. देवळाचं पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारं शिखर बघा, कदंब शैलीची ती ठळक खूण आहे. आडवे थर एकावर एक, वर जाताना लहान होत गेलेले. ही रीत चार ओळींच्या कोडमध्ये लिहिता येते, पण थरांची उंची आणि आत सरकण्याचं प्रमाण डोळ्यांनी मोजून आणलेलं असलं तरच ते शिखर हलशीचं वाटतं.

इथं माझं मुख्य म्हणणं सांगतो. वारशातून चित्र उचलू नका, रीत उचला. जनरेटिव्ह कलेत कलाकार चित्र काढत नाही, नियम लिहितो. चित्र त्या नियमातून निघतं, दर वेळी थोडं वेगळं. 1965 साली जर्मनीत श्टुटगार्टला गेओर्ग नेस आणि फ्रीडर नाके यांनी संगणकानं रेखाटलेली चित्रं मांडली, तेव्हापासून या कलेचा गाभा तोच आहे. आणि आपल्याकडच्या बऱ्याच हस्तकला नियमांवरच चालतात. त्यामुळं देवळाचा फोटो लाटेवर चिकटवणं हा दोघांचाही अपमान आहे. लाटेचा नियम आणि कारागिराचा नियम एकमेकांत गुंतले, तर काहीतरी नवं जन्माला येतं.

कसुतीचं उदाहरण घेऊ. तुमच्या आजीच्या पेटीत इरकल लुगडं असेल, त्यावर कदाचित कसुतीचं भरतकाम असेल. धारवाड-हुबळीकडची ही कला, 2006 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर असे आकार; शंखही असतो. टाके मुख्यतः चार: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. कापडावर आधी काही छापत नाहीत, आखत नाहीत. ताणे-बाणे मोजत टाका घालायचा. गाठ मारायची नाही, आणि गवंतीत तर उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत.

हे साधतं कसं ते नीट बघा, कारण तुमच्या कामाची गुरुकिल्ली यात आहे. सुई आळीपाळीनं वर येते आणि खाली जाते. त्यामुळं जाताना वरच्या बाजूला एक टाका दिसतो, एक रिकामा, एक दिसतो, एक रिकामा. मग त्याच वाटेनं परत यायचं आणि रिकाम्या जागा भरायच्या. सरळ रेघेत हे सोपं आहे. पण आकाराला फांद्या फुटल्या की? बाई हात थांबवत नाहीत. फांदी लागली की तिच्यात शिरतात, टोकाला जातात, परत फाट्यावर येतात आणि पुढं चालू लागतात. फांदी कितीही मोठी असो, तिच्यात जाऊन परत यायला लागणारे टाके नेहमी सम संख्येतच भरतात. म्हणून जाताना जो टाका वर पडला तो येताना हमखास खालीच पडतो, आणि दोन्ही बाजू जुळतात. संगणकशास्त्रात आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं जाळं, खोलवर जाऊन परत येत तपासायची जी पद्धत पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात, ती हीच. बायका ती हातानं, मनात मोजत वापरत आल्या आहेत. मला याचा फार आदर वाटतो, आणि तुमच्या प्रोजेक्टच्या लेखी भागात तो स्पष्ट शब्दांत यायला हवा.

आता एआयनं काढलेलं कसुतीचं चित्र मोठं करून त्यावर चौकटी आखून बघा. लांबून छान दिसतं, जवळून टाके मोजले की हिशेब कोसळतो. रथाचं एक चाक नऊ टाक्यांचं, दुसरं साडेदहाचं, मधेच रेघ तिरकी होऊन हवेत विरते. ही यंत्रणा असंख्य चित्रं बघून तसंच दिसणारं चित्र बनवते. मोजणी तिच्या हातात नाही. आणि समुद्र म्हटलं की तिच्याकडून जपानी चित्रकार होकुसाईच्या लाकडी ठशातली ती नखं काढलेली लाट पुन्हा पुन्हा येते, कारण तिनं तीच सर्वांत जास्त पाहिली आहे. तुमची सगळी चित्रं एका साच्यातली का आली, त्याचं कारण हे. एआय वापरूच नका असं म्हणत नाही. संदर्भ जमवायला, कोडमधली चूक शोधायला जरूर वापरा. अंतिम चित्र मात्र तुमच्या नियमातून येऊ द्या.

मग कोडिंग शिकावं का? हो, शिकाच. घाबरण्यासारखं काही नाही. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये प्रोसेसिंग हे कोडनं चित्र काढायचं साधन सुरू केलं ते चित्रकारांना आणि डिझायनरांना डोळ्यांपुढं ठेवूनच. त्याचाच ब्राउझरमध्ये चालणारा भाऊ म्हणजे लॉरेन मॅकार्थी यांनी सुरू केलेलं पी-फाइव्ह. दोन्ही फुकट. साधा लॅपटॉप पुरतो. चल (व्हेरिएबल), लूप, अट, ॲरे आणि साइन-कोसाइन, एवढ्या भांडवलावर वर सांगितलेलं सगळं होतं.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. प्रत्येक चित्राबरोबर त्याचा सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक, फाइलच्या नावातच जतन करा. नाहीतर मनासारखं निघालेलं चित्र पुन्हा मोठ्या आकारात काढताच येत नाही. ए-थ्री छपाईला 300 डीपीआयनं साधारण 3500 गुणिले 4960 पिक्सेल लागतात आणि स्क्रीनवरून घेतलेला स्क्रीनशॉट तिथं कामाचा नसतो.

लाटांबद्दल. इंटरनेटवरचे बहुतेक धडे तुम्हाला पर्लिन नॉईज शिकवतील, म्हणजे एकमेकांत हळूवार मिसळणारे यादृच्छिक आकडे काढायची रीत. केन पर्लिन यांनी तो 1983 च्या सुमारास शोधला, 1997 मध्ये ऑस्करवाल्या अकादमीनं त्यासाठी तांत्रिक पुरस्कार दिला. साधन उत्तम आहे, पण त्यातून ढग निघतात, धूर निघतो, संगमरवर निघतो. समुद्र निघत नाही. समुद्राच्या लाटेला दिशा असते, आवर्तन असतं, आणि तिचा माथा टोकदार व खळगा पसरट असतो. गेर्स्टनर नावाच्या गणितज्ञानं 1802 मध्ये याचं गणित मांडलं: पाण्याचा कण पुढं जात नाही, जागच्या जागी गोल फिरतो, पुढं जाते ती लाट. कोडमध्ये प्रत्येक बिंदूला असं वर्तुळात फिरवा, शेजारच्या बिंदूला किंचित मागं ठेवा, टोकदार माथा आपोआप येतो. आणखी एक. खोल पाण्यात लांब लाट जास्त वेगानं पळते. आवर्तनकाळ, म्हणजे एका माथ्यानंतर दुसरा माथा यायला लागणारा वेळ, सेकंदांत घ्या, त्याचा वर्ग करून 1.56 नं गुणा, की मीटरमध्ये लांबी मिळते. आठ सेकंदांची लाट शंभर मीटर लांब आणि सेकंदाला साडेबारा मीटर धावणारी. पाच सेकंदांची जेमतेम 39 मीटर आणि तिचा वेगही आठ मीटरच्या आत. सगळ्या लाटा एकाच वेगानं हलवल्यात तर समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसालाही ते खोटं वाटतं.

आता मी तुमच्या जागी असतो तर ज्या कामाला हात घातला असता, ते सांगतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ती बांधवली. मंडपाच्या छतात दगडी कमळ उलटं लोंबतं आणि त्याच्या 72 पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतले प्रत्येकी 24 तीर्थंकर आहेत. वर्तुळाचे 72 भाग केले की एका पाकळीला बरोबर पाच अंश येतात. आणि काल, आज, उद्या मिळून तास होतात 72.

एका पाकळीला एक तास द्या. मार्मागोव्याच्या बंदरातली त्या तासाची पाण्याची उंची म्हणजे त्या पाकळीची लांबी. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, त्यात हे बंदर आहे. कोष्टकात फक्त भरतीच्या व ओहोटीच्या वेळा आणि उंची असतात. मधले तास कोसाइनच्या वक्रानं भरून घ्या. मग काय दिसतं बघा. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, म्हणजे दर चोवीस पाकळ्यांनंतर फुगवटा जवळजवळ एका पाकळीनं पुढं सरकतो. वर्तुळात सहा फुगवटे नीट बसत नाहीत, सहावा पुरता व्हायच्या आत फेरा संपतो. उद्याच्या शेवटच्या तासाला कालचा पहिला तास जुळत नाही, तिथं सांधा दिसतो. तो सांधा झाकू नका, घासून गुळगुळीत करू नका. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळं एक पाकळी मोठी तर पुढची धाकटी असं होत जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कमळ फुलतं, अष्टमीला आखडतं. दर तासाला एक नवी पाकळी येते, एक जुनी गळते. किल्ल्यातल्या दगडाची मोजणी आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बंदरातलं पाणी, दोन्ही त्यात खरी आहेत. एकही गोष्ट सजावटीची नाही.

याच्या रेघा गवंतीनं भरा. पाणी चढताना जाणारा टाका, उतरताना परतीचा टाका. भरतीत अर्धी रेघ दिसेल, ओहोटी पूर्ण होईपर्यंत ती भरून निघेल.

एक काळजी घ्या. त्या पाकळ्यांवरच्या तीर्थंकरांच्या आकृती कामात आणू नका. त्या पूजेच्या आहेत, तुमच्या रेघांनी ताणायच्या-आखडायच्या नाहीत. रचना आणि मोजणी घ्या, मूर्ती राहू द्या. काम दाखवायच्या आधी बसदीत येणाऱ्या एखाद्या जाणत्या जैन माणसाला दाखवा आणि त्यांनी नको म्हटलेली गोष्ट मुकाट काढा. बसदी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिवई लावून फोटो काढायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. पण मला विचाराल तर वहीत हातानं काढा, पाकळी कशी मागं वळते ते हाताला कळतं.

रंग. आपला समुद्र निळा ठेवू नका. पावसाळ्यात मांडवीच्या, कारवारकडच्या काळी नदीच्या मुखाशी पाणी गढूळ तांबूस असतं, घाटावरची माती घेऊन उतरलेलं. ती माती आपली आहे. इरकलच्या पदराचा लाल आणि त्यातला पांढरा, कसुतीसाठी पूर्वापार वापरतात त्या चंद्रकळेचा नीळ मुरलेला काळा, जांभ्या दगडाचा तांबडा, यांत अख्खा प्रोजेक्ट बसतो. व्यवहाराची बाजूही आहे: स्क्रीनवरचा झळाळता निळा छपाईच्या चार शाईंमध्ये उतरत नाही, मळकट किंवा जांभळट होतो. तांबडे-काळे रंग त्या मानानं टिकतात. छपाईवाल्याकडं फ्लेक्सच्या मशीनवर काढू नका. मॅट कागदावर आधी हातभर तुकडा छापून बघा.

शेवटचा प्रश्न, आपल्या माणसांना हे आपलं वाटेल का. सीमाभागात वारसा म्हटला की लगेच कुणाचा, असा प्रश्न येतो. आपण मराठी बोलतो. कसुतीचे टाके घालणाऱ्या बहुतेक बायका कन्नड बोलतात. कदंबांच्या शिलालेखांत कन्नड आहे, संस्कृत आहे. बंदर कोकणीत बोलतं. हे लपवून काम केलंत तर ते खोटं होईल. चित्राखालची माहिती मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत लावा. ज्या बाईंकडून टाका शिकाल त्यांना विचारून त्यांचं नाव तुमच्या नावाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत द्या, आणि शिकवणीचे पैसे द्या. प्रिंट विकलीत तर त्यातला वाटाही. कागदावर तिथल्या तिथं लिहून ठेवलंत तर नंतर कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

दाखवायला गॅलरीच हवी असं नाही. गणपतीत मंडळाच्या मांडवातल्या पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टरनं लावा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि छोटा प्रोजेक्टर तग धरतो, म्हणून कोड हलका ठेवा आणि इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका. भरतीची कोष्टकं फाइलमध्ये आधीच घालून ठेवा. लोक थांबून विचारतील, हे कमळ वाढतंय का? त्यांना सांगा, मार्मागोव्याला आता पाणी चढतंय.

सरांकडं मात्र आधी थेंबांचा नकाशा घेऊन जा, कमळ नंतर. थेंबांचं काम आठवडाभरात उभं राहतं आणि त्यांच्या आक्षेपाला थेट उत्तर देतं. कमळाला वेळ लागेल. टाक्यांची बाजू जुळेपर्यंत कागदावर पेन्सिलीनं बसवा, मगच कोड लिहा. अडलात तर चित्र आणि सीड दोन्ही पाठवा, नुसतं चित्र बघून मला काही सांगता येणार नाही.